मूळव्याध की मलाशयाचा कॅन्सर? आधी तपासून तर घ्या!



आजचा विषय जेवताना काढता येत नाही, मित्रांत काढला तर हसू होतं, आणि डॉक्टरांसमोर तो निघतो तेव्हा पेशंट उठून दाराकडे निघालेला असतो. हात दाराच्या कडीवर, आणि मग मागे वळून, "डॉक्टर, अजून एक होतं. संडासला गेल्यावर थोडं रक्त पडतं. जुनी मूळव्याध आहे, विशेष काही नाही. त्याचंही काहीतरी लिहून द्या ना."

कळव्यातल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. त्यातल्या बहुतेकांना खरोखरच मूळव्याध किंवा फिशर असतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही उगाच घाबरणार नाही. पण काही थोड्यांना ते नसतं. आणि ते थोडे कोण, हे त्यांच्या सांगण्यावरून ओळखता येत नाही. मलाही एकदा ओळखता आलं नव्हतं. त्याची गोष्ट आधी सांगतो.

माझी चूक

दवाखाना सुरू करून तीन-चार वर्षं झाली होती. पावसाळा होता, तापाच्या पेशंटची रांग बाहेर जिन्यापर्यंत गेली होती. रात्री साडेनऊच्या सुमारास एक काका आले. वय अठ्ठेचाळीस, कारखान्यात पाळीचं काम, रोजचा लोकलचा प्रवास.

"डॉक्टर, उष्णता झाली बहुतेक. पंधरा दिवस झाले, रक्त पडतंय. दहा वर्षांपूर्वी मूळव्याध होती, तीच परत उठली."

"दुखतं का?"

"अजिबात नाही."

"रंग कसा?"

"लालभडक."

दुखत नाही, लालभडक रक्त, जुनी मूळव्याध. माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. तपासायचं म्हणजे पडदा ओढायचा, काकांना कुशीवर झोपवायचं, हातमोजे, जेली, सगळी मिळून पाच मिनिटं. बाहेर अजून दहा-अकरा जण बसलेले. काकांना संकोच आणि मला घाई. आम्हा दोघांचंही न तपासण्यावर न बोलता एकमत झालं. मी मलम, इसबगोल आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. तिखट कमी करा, पाणी भरपूर प्या, असं सांगितलं.

दोन आठवड्यांनी काका स्टेशनजवळ भेटले. "डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे. थांबलं रक्त." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगलीच.

सात महिन्यांनी ते पुन्हा आले. या वेळी काकू बरोबर होत्या, आणि बोलतही काकूच होत्या. "डॉक्टर, हे दिवसातून पाच-सहा वेळा जातात. जातात आणि नुसती आव पडते. पोट साफ झालं असं वाटतच नाही म्हणतात. चेहरा बघा कसा पांढरा पडलाय." काकांच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली दिसत होती. हिमोग्लोबिन आठच्याही खाली गेलं होतं.

त्या दिवशी मी पडदा ओढला. बोट जेमतेम चार-पाच सेंटिमीटर आत गेलं आणि एका कडक, खडबडीत गाठीला लागलं. हातमोज्यावर रक्त आलं. सगळ्याला मिळून एक मिनिटही लागलं नसेल.

ती गाठ सात महिन्यांपूर्वीही तिथे होती का? बहुधा होती. बोटाला लागली असती का? बहुधा लागली असती.

मी कशाने फसलो?

तीन गोष्टींनी फसलो. याच तीन गोष्टी रोज अनेक पेशंटना, आणि खरं सांगायचं तर अनेक डॉक्टरांनाही फसवतात, म्हणून एकेक करून सांगतो.

पहिली गोष्ट, "दुखत नाही, म्हणजे साधंच आहे." गुदद्वारापासून साधारण दीड-दोन सेंटिमीटर आत एक सीमारेषा असते. त्या रेषेच्या बाहेरची त्वचा फार हळवी असते. तिला चीर गेली तर काच कापल्यासारखं दुखतं. त्याला आपण फिशर म्हणतो. रेषेच्या आतल्या अस्तराला मात्र अशी वेदना कळतच नाही. आतली मूळव्याध याच भागात होते, म्हणून ती सहसा दुखत नाही. आणि मलाशयाचा कॅन्सरही याच भागात होतो, म्हणून तोही सुरुवातीला दुखत नाही. तो दुखायला लागतो तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. म्हणजे न दुखणं हा दिलासा नाही. त्यावरून काहीच ठरत नाही.

दुसरी, "रक्त लालभडक आहे, म्हणजे मूळव्याधच." रक्ताचा रंग ते कुठून आलं हे थोडंफार सांगतो, कशामुळे आलं हे सांगत नाही. जठरातून आलेलं रक्त खाली पोहोचेपर्यंत पचतं आणि शौच डांबरासारखी काळी होते. मलाशय तर गुदद्वाराच्या अगदी वरच आहे. तिथल्या गाठीतून आलेलं रक्तही लालच दिसणार. (लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते आणि बीट खाल्ल्यावर लालसर होते. ते रक्त नव्हे, हेही लक्षात ठेवा.)

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी आहे. "औषधाने थांबलं, म्हणजे निदान बरोबर होतं." गाठीतून रक्त रोज येत नाही. तिच्या पृष्ठभागाला शौच घासली की येतं, मग काही दिवस, कधी काही आठवडे थांबतं. त्याच काळात तुम्ही मलम लावत असाल, सुरण खात असाल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नारळाच्या शेंडीची राख ताकातून घेत असाल, तर श्रेय त्याला मिळतं. काकांचं रक्त माझ्या औषधाने थांबलं नव्हतं, ते त्याच्या वेळेने थांबलं होतं. इसबगोलाने शौच मऊ झाली, घासणं कमी झालं, एवढाच काय तो माझा हातगुण.

मूळव्याध म्हणजे नेमकं काय?

अनेकांना वाटतं की मूळव्याध म्हणजे बाहेरून आलेला काहीतरी कोंब. प्रत्यक्षात गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. वायू किंवा पातळ शौच धरून ठेवायला त्यांचा उपयोग होतो. वर्षानुवर्षं कुंथून, बद्धकोष्ठतेमुळे, गरोदरपणात किंवा तासन् तास बसून या गाद्या फुगतात आणि खाली सरकतात. त्यालाच आपण मूळव्याध म्हणतो. नुसतं रक्त पडलं तर लोक "रक्ती" म्हणतात, बाहेर आली तर "मोडाची". डॉक्टर तिच्या चार पायऱ्या करतात. पहिलीत फक्त रक्त पडतं. दुसरीत मोड बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने आत ढकलावा लागतो. चौथीत तो आत जातच नाही.

आपल्या भागात हा त्रास इतका का दिसतो, याचं एक कारण मला रोज समोर दिसतं. सकाळची गाडी पकडायची म्हणून लोक शौचाची वेळ मारून नेतात. लोकलमध्ये संडास नाही, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. डोंगराच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये अजून सार्वजनिक शौचालयाची रांग आहे, तिथे मागचा दार वाजवत असतो. वेग आला तेव्हा जायचं नाही आणि गेल्यावर घाईने कुंथायचं. मूळव्याध व्हायला याहून जास्त काय हवं?

या रांगेचा आणखी एक तोटा आहे. घाईत आणि अंधारात कोणी खाली बघतच नाही. डबा ओतला की झालं. "शौचेचा रंग कसा असतो?" असं विचारलं की निम्मे पेशंट म्हणतात, "शी! ते कोण बघतं?" मंडळी, आठवड्यातून एकदा तरी बघा. कमोड असो की साधा संडास, पाणी सोडायच्या आधी एक नजर टाका.

एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही. वीस वर्षांची मूळव्याध असली तरी ती कॅन्सरमध्ये बदलत नाही. पण मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सर होऊच शकत नाही, असंही नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. माझ्या काकांना दोन्ही होतं. म्हणून "मला दहा वर्षांपासून आहे" हे वाक्य ऐकून डॉक्टरांनी तपासणी सोडायची नसते, आणि तुम्हीही सोडू द्यायची नसते.

आणि मलाशयाचा कॅन्सर?

मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे मलाशय. तिथला कॅन्सर बहुतेक वेळा पॉलिपपासून सुरू होतो. पॉलिप म्हणजे अस्तरावर उगवलेला लहानसा कोंब. सगळेच पॉलिप कॅन्सर होत नाहीत. जे होतात त्यांनाही बहुधा दहाएक वर्षं लागतात. म्हणजे हा रोग आपल्याला भरपूर वेळ देतो. वाया घालवतो तो आपणच.

जगभरात २०२० या एका वर्षात मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या कॅन्सरचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण नोंदले गेले. आपल्याकडे त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. पण "हा म्हाताऱ्यांचा रोग" ही समजूत इथे चालत नाही. भारतातल्या कॅन्सर रुग्णालयांत चाळिशीच्या आतले रुग्णही मोठ्या संख्येने दिसतात. अमेरिकेत तर तरुणांमधलं वाढतं प्रमाण बघून २०२१ मध्ये नियमित तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत, आतड्याचा नाही. म्हणजे तुम्हाला तपासायला कोणी घरी येणार नाही. तुम्हालाच जायचं आहे.

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर मूळव्याध समजून घरी थांबू नका:

- रक्त शौचेत मिसळलेलं असणं, किंवा रक्ताबरोबर चिकट आव पडणं.
- शौचाची सवय बदलणं आणि ती तीन-चार आठवडे तशीच राहणं. नेहमी साफ होणाऱ्याला बद्धकोष्ठ, किंवा एकदा जाणाऱ्याला चार-पाचदा जावं लागणं.
- जाऊन आल्यावरही "अजून आहे, अजून आहे" असं वाटत राहणं. आत गाठ असली की मलाशयाला ती शौचच वाटते, म्हणून हा खोटा वेग येतो.
- शौच पूर्वीपेक्षा बारीक, पेन्सिलीसारखी होत जाणं.
- कारण नसताना वजन घटणं, भूक मरणं, थकवा येणं.
- हिमोग्लोबिन कमी होणं. विशेषतः पुरुषांत आणि पाळी गेलेल्या बायकांत लोह कमी का झालं, हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या खात राहू नये.
- आई, वडील, सख्खा भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं.

मूळव्याधीचं रक्त बहुधा शौच झाल्यावर थेंब थेंब किंवा पिचकारीसारखं पडतं आणि शौचेत मिसळलेलं नसतं. फिशरमध्ये थोडंसंच रक्त आणि पुष्कळ दुखणं असतं, आणि ते दुखणं नंतरही तासभर टिकतं. पण ही यादी आरशासमोर उभं राहून स्वतःचं निदान करायला नाही. यादीतलं काहीही नसेल आणि नुसतं रक्त पडत असेल, तरीही एकदा तपासून घ्यायचंच.

सुश्रुतानेही बघितलं होतं

"आम्ही आयुर्वेदिक घेतो, आम्हाला तपासणीची गरज नाही," असं काही जण सांगतात. त्यांना मी सुश्रुताची आठवण करून देतो. सुश्रुतसंहितेत मूळव्याधीला अर्श म्हटलंय आणि तिच्यावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितलेत. पण त्याबरोबर अर्शोयंत्र नावाचं एक उपकरणही वर्णन केलंय. गाईच्या सडासारख्या आकाराचं, चार अंगुळं लांब. कशासाठी? आत बघून उपचार करण्यासाठी. आज आम्ही वापरतो तो प्रॉक्टोस्कोप याच कुळातला. उपचार कोणत्याही पद्धतीचा घ्या, पण न बघता मूळव्याध ठरवणं कोणत्याच शास्त्रात बसत नाही.

लोकलच्या डब्यात आणि स्टेशनबाहेरच्या भिंतीवर "मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज" अशा जाहिराती तुम्ही वाचल्या असतील. तिथे जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण इंजेक्शन, क्षार, लेझर, काहीही करून घेण्याआधी समोरच्याला एकच प्रश्न विचारा, "तुम्ही आत तपासलंत का?"

तपासणीत नेमकं काय होतं?

तपासणीची जितकी धास्ती असते, तितकी ती त्रासदायक नसते. तुम्हाला डाव्या कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात. डॉक्टर आधी बाहेरून बघतात. मग हातमोजा घालून, जेली लावून एक बोट हळूच आत घालतात. तोंडाने श्वास सोडत राहिलात तर स्नायू सैल राहतात. थोडं अवघडल्यासारखं वाटतं, शौचाला लागल्यासारखं वाटतं. बोट साधारण सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोहोचतं. मूळव्याधीच्या गाद्या इतक्या मऊ असतात की बोटाला बहुधा लागतच नाहीत. त्या प्रॉक्टोस्कोपमधून दिसतात. गाठ मात्र कडक लागते, आणि एकदा लागली की विसरता येत नाही.

फिशरमुळे खूप दुखत असेल तर डॉक्टर त्या दिवशी बोट घालणार नाहीत. आधी औषध देतील आणि दुखणं कमी झाल्यावर तपासतील. पण त्या दुसऱ्या भेटीला जा. दुखणं थांबलं की पेशंट गायब होतात, हा माझा अनुभव आहे.

बायकांसाठी खास सांगतो. तपासणीच्या वेळी नर्स किंवा घरची बाई सोबत असावी, असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं विचारा, त्यात कोणालाही राग यायचं कारण नाही. बाळंतपणानंतर मूळव्याध होते हे खरं, पण मूल दहा वर्षांचं झालं तरी "बाळंतपणातलीच आहे" म्हणत राहू नका.

बोटाच्या पलीकडचं बघायला कोलोनोस्कोपी लागते. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध पिऊन पोट साफ करावं लागतं. त्रास होतो तो त्याचाच. प्रत्यक्ष तपासणी बहुधा अर्ध्या तासाची, आणि गुंगीचं औषध दिलेलं असतं. वरच्या यादीतलं काही असेल, वय ४५ च्या पुढे असून रक्त पडत असेल, किंवा मूळव्याधीचे उपचार नीट होऊनही रक्त थांबत नसेल, तर ती करून घ्यावी. पॉलिप सापडला तर बरेचदा तिथेच काढता येतो. म्हणजे कॅन्सर होण्याआधीच टळतो. संशय वाटला तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हा निव्वळ गैरसमज आहे. तुकडा तपासल्याशिवाय उपचारच सुरू होत नाहीत.

घाबरून आलेली मुलगी

आता उलटी बाजू. काही महिन्यांपूर्वी एक चौतिसाव्या वर्षातली मुलगी आली. बँकेत नोकरी, दोन वर्षांचं मूल. तिला महिनाभर रक्त पडत होतं. ती रोज रात्री मोबाईलवर वाचत होती आणि आपल्याला कॅन्सर झालाय अशी तिची खात्री झाली होती. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. विम्याचे कागद एका फाईलमध्ये लावून ठेवले होते. मी नर्सला बोलावलं आणि तपासलं. बाहेरच चीर दिसत होती. सगळी लक्षणंही फिशरचीच होती. दुखणं कमी झाल्यावर आतून तपासलं, आत मऊ आणि साफ. कोमट पाण्याच्या टबात बसणं, इसबगोल, मलम, आणि सहा आठवड्यांत ती बरी झाली.

एका मिनिटाच्या तपासणीने तिचा महिनाभराचा घोर गेला. काकांच्या बाबतीत त्याच एका मिनिटाने सात महिने वाचले असते. म्हणून तपासणी ही फक्त वाईट बातमी शोधायला नसते. दहापैकी बहुतेकांना ती "काही नाही, घरी जा" हेच सांगते.

कुठे जायचं?

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. ते तपासत नसतील तर स्पष्ट म्हणा, "डॉक्टर, एकदा आतून बघा ना." आपल्या कळव्यात महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, तिथल्या सर्जरीच्या ओपीडीत दाखवता येतं. कॅन्सरचं निदान झालंच तर परळचं टाटा मेमोरियल आहे. १९४१ पासून सुरू असलेलं हे रुग्णालय कळव्याहून एका स्लो लोकलच्या अंतरावर आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पैसे नाहीत म्हणून निदानच करून घ्यायचं नाही, असं करू नका.

आणि उशिराची किंमत किती असते? अमेरिकेतली आकडेवारी सांगते की हा कॅन्सर जागच्या जागी असताना सापडला तर दहापैकी सुमारे नऊ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. शरीरात दूरवर पसरल्यावर सापडला तर दहापैकी दोनच्या आसपास.

काकांचा प्रश्न

काकांना आधी किरणोपचार आणि केमोथेरपी दिली, मग ऑपरेशन झालं. गाठ इतकी खाली होती की गुदद्वार वाचवता आलं नाही. पोटावर कायमची शौचाची पिशवी आली. पहिले सहा महिने ते घराबाहेर पडले नाहीत. वास येईल, पिशवी फुटेल, लोक काय म्हणतील. मग काकूंनीच एक दिवस त्यांना गणपतीच्या मंडपात नेलं. आता ते पिशवी लावून नातवाला शाळेत सोडतात, लग्नकार्याला जातात. पिशवी घेऊन माणूस चांगला जगू शकतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

दोन वर्षांपूर्वी बीपी तपासायला आले असताना त्यांनी सहज विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. त्या पहिल्या रात्रीच तुम्ही तपासलं असतं, तर ही पिशवी टळली असती का?"

मी म्हटलं, "नक्की नाही सांगता येत, काका. पण टळली असती, असं होऊ शकतं. माझी चूक झाली."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी तरी कुठे तपासा म्हणालो? मलाच लाज वाटत होती."

मंडळी, त्या रात्री एका बाजूला माझी घाई होती आणि दुसऱ्या बाजूला त्यांची लाज होती. माझी घाई मी सोडली आहे. रक्त पडतंय म्हणणाऱ्या पेशंटला तपासल्याशिवाय मी आता चिठ्ठी देत नाही, मग बाहेर कितीही रांग असो. तुम्ही तुमची लाज सोडा. दाराच्या कडीवर हात ठेवून सांगण्यापेक्षा, खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच सांगा. पुढचं डॉक्टर बघतील.

काळजी घ्या. आणि हा लेख घरात ज्यांना "जुनी मूळव्याध" आहे, त्यांना नक्की वाचायला द्या.